विरुद्ध जोर लावणाऱ्या गोष्टींना मराठीत काय काय म्हणतात? (उतारा, पासंग, काटशह वगैरे)

निंबोणी
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, भाषांतराची कामं करते. सध्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अर्थशास्त्रावरचा एक मोठा लेख मराठीत आणतेय आणि त्यात 'काउंटरव्हेलिंग' हा शब्द दोन ठिकाणी आलाय. एकदा 'काउंटरव्हेलिंग पॉवर' म्हणून, ही जॉन केनेथ गॅलब्रेथ या अर्थतज्ज्ञाची १९५२ सालची कल्पना, हेच गृहस्थ पुढे १९६१ ते १९६३ भारतात अमेरिकेचे राजदूत होते. आणि दुसऱ्यांदा 'काउंटरव्हेलिंग ड्यूटी' म्हणून, म्हणजे आयात मालावरचा एक कर. दोन्हीकडे मी आधी 'प्रतिसंतुलक' लिहून मोकळी झाले होते, पण शेजारच्या बारावीतल्या मुलीला वाचायला दिलं तर ती तिथेच अडकली, म्हणाली मावशी हे औषधाचं नाव आहे का.

तेव्हापासून दोन दिवस हेच डोक्यात आहे. आपल्याकडे एखाद्या जोराला उलट जोर लावणारी, त्याचा परिणाम कमी करणारी किंवा बरोबरी साधणारी जी गोष्ट असते तिला इतके शब्द आहेत, उतारा, पासंग, काटशह, तोड, लगाम, वेसण, पायबंद, विरजण, आणि आपण लिहायला बसलो की सगळ्यांच्या जागी एक 'प्रति' चिकटवतो. तुमच्या घरात, कामाच्या ठिकाणी कोणते शब्द वापरतात आणि नेमके कशासाठी ते सांगाल का? नुसती यादी नको, तो शब्द काम काय करतो ते हवंय.

वजनकाटा
पासंगावर मी बोलतो, आमचं भवानी पेठेत किराण्याचं दुकान होतं, आजोबांपासून. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले त्यामुळे लोकांना 'पासंगालाही पुरणार नाही' एवढंच माहीत असतं, पासंग बघितलेला नसतो. दोन पारड्यांचा तराजू रिकामा उचलला आणि दांडी सरळ राहिली नाही, एक पारडं जरा खाली गेलं, तर जे पारडं वर राहिलं त्याच्या दोरीला किंवा बुडाला एखादा लोखंडाचा तुकडा नाहीतर खडा बांधायचा, तो पासंग. तो तिथेच राहतो, रोज काढत नाहीत. एवढासा असतो, म्हणून त्यावरून ती म्हण आली की हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, म्हणजे बरोबरीचं वजन तर सोडाच, तराजू सरळ करायला जो खडा लागतो तेवढाही हा नाही.

पण याच्या शेजारी अजून एक शब्द आहे जो कुणी घेतला नाही, धडा. गिऱ्हाईक तेलाला स्वतःचा डबा घेऊन यायचं. मग आधी रिकामा डबा एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्या पारड्यात डब्याएवढं वजन भरायचं, दगड, खिळे, जे हाताला लागेल ते, दांडी सरळ झाली की 'धडा झाला' म्हणायचं आणि मग वजनं टाकून तेल ओतायचं. धडा केल्याशिवाय तेल घेणारी बाई माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत नव्हती, सगळ्या वाकून दांडीकडे बघायच्या. तर फरक असा की पासंग हा तराजूचा दोष काढतो आणि धडा हा डब्याचं वजन काढतो. दोन्हीत कुणाला हरवायचं नसतं, फक्त शून्यावर आणायचं असतं.

निंबोणी
वजनकाटा, तुम्ही माझं अर्धं काम केलंत! कारण तो जो कर आहे ना तो अगदी हेच करतो. एखाद्या देशाचं सरकार आपल्या कारखानदारांना अनुदान देतं, त्यामुळे त्यांचा माल आपल्याकडे खोट्या स्वस्त भावात येतो, इथल्या उत्पादकाचं नुकसान होतं, मग आपण त्या मालावर तेवढा कर लावतो की अनुदानाने आलेला फायदा पुसला जाईल. आणि जागतिक व्यापार संघटनेचा नियमच असा आहे की हा कर अनुदानाच्या रकमेपेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणजे हा डब्याचा धडा झाला. मी आत्तापर्यंत त्याला मनात 'जशास तसे' समजत होते आणि ते चूक होतं, जशास तसे मध्ये शिक्षा आहे, इथे शिक्षा नाही.

रानजाई
उताऱ्याबद्दल लिहिते. मी नर्स आहे, सध्या पुण्यात पण नोकरीची पहिली काही वर्षं रायगड जिल्ह्यात काढली. मराठीत विष 'चढतं'. ताप चढतो, दारू चढते, राग चढतो, भूत सुद्धा चढतं. आणि जे चढतं ते उतरवावं लागतं, म्हणून त्यावरचा तो उतारा. खेडेगावातला माणूस 'विंचू चावला, उतारा द्या' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पायातून वर वर जाणारी कळ असते आणि ती त्याच वाटेने खाली यायला हवी असते. मांत्रिक पण तेच करायचा, वरून खाली हात फिरवायचा.

आता खरा उतारा कसा काम करतो ते बघा, दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत आणि आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो. साप चावल्यावर जे देतात ते घोड्याच्या शरीरात तयार झालेलं द्रव्य असतं, ते विषालाच जाऊन धरतं आणि निकामी करतं. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. लाल विंचवाचं वेगळं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं त्यावरचं लिखाण आलं. ते औषध विषाला हातही लावत नाही. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं, आणि हे औषध त्या रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणजे विष ओढतंय एका बाजूला, औषध ओढतंय दुसऱ्या बाजूला. त्याआधी कोकणात लहान पोरं दंशानंतर दगावायची हो, मी जुन्या सिस्टरांकडून ऐकलंय, थंडगार पडलेले हातपाय आणि घामाने ओली झालेली चादर. ड्यूटीवर असताना मी स्वतः एक सहा वर्षांची मुलगी गोळी दिल्यावर काही तासांनी हातपाय गरम होताना बघितलीय, तिची आई तळवे हातात धरून बसली होती आणि तिलाच पहिल्यांदा कळलं. तेव्हा ती 'उतरला उतरला' असंच म्हणाली.

सुगरण_९
स्वयंपाकघरात 'मारणे' म्हणतो आम्ही. अळूची खाज मारायला चिंच, भाजीचं तिखट मारायला गूळ किंवा दाण्याचं कूट. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते घशाला टोचतात म्हणून खवखवतं, आंबट घातलं आणि नीट शिजवलं की ते कमी होतं, सुरणाचं पण तसंच. पण गंमत बघा, चिंच घातली तर अळू आंबट झालं असं कोणी म्हणत नाही, गूळ घालून परत ते आंबट मारतो. एकाला मारायला दुसरा आणि दुसऱ्याला मारायला तिसरा, आणि शेवटी कोणीच मेलेलं नसतं, सगळे चवीला असतात.

आणि 'बाधू नये म्हणून' हा एक प्रकार. वालाला ओवा, हरभऱ्याच्या डाळीला हिंग, आमरसात तूप आणि चिमूटभर सुंठ. याला आमच्या सासूबाई वेगळा शब्द वापरत नाहीत, 'सोबत' म्हणतात. रसाला सुंठेची सोबत हवी. मला तो फार आवडतो, विरोध करणाऱ्याला सोबत म्हणणं.

आडवाट
जरा वेगळं मत मांडतो. धाग्याचा सूर 'प्रति' वाईट असा होतोय तो मला पटत नाही. प्रतिजैविक, प्रतिपिंड, प्रतिबंध, प्रतिकार हे शब्द आज रिक्षावाला पण वापरतो, 'माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय' कुणीही म्हणतं. परिभाषेला एक शिस्त लागते, एका कल्पनेला एक शब्द. तुम्ही परीक्षेला बसणाऱ्या मुलाला एकदा धडा, एकदा पासंग, एकदा उतारा असं सांगितलंत तर तो पेपरात काय लिहील? आणि धडा म्हटल्यावर आजच्या मुलाला पुस्तकातला धडाच आठवणार.

निंबोणी
आडवाट, तुमचा मुद्दा मानते आणि धड्याच्या घोळाचा तर नक्कीच. माझं भांडण 'प्रति'शी नाहीये. 'प्रतिकार' मध्ये कोण कुणाला अडवतंय ते कळतं म्हणून तो रुळला. 'प्रतिसंतुलक' मध्ये चित्रच नाही. मी संज्ञा एकच ठेवीन पण ती समजावणारं वाक्य आपल्या शब्दात हवं, एवढंच.

भौतिकवाला
तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आहे, म्हणून एका ठिकाणी थांबवतो. 'क्रिया-प्रतिक्रिया' हा शब्द या यादीत कुणी टाकू नका. न्यूटनचा तिसरा नियम १६८७ चा, आणि आजही दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतं की सर दोन्ही बलं सारखी आणि उलट असतील तर ती एकमेकांना काटतील ना, मग गाडी हलते कशी? काटत नाहीत, कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. तुम्ही भिंतीला ढकलता ते बल भिंतीवर, भिंत तुम्हाला ढकलते ते तुमच्यावर. काटाकाटी व्हायची तर दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत, जशी रस्सीखेचमध्ये दोरीच्या मधल्या रुमालावर असतात. तराजूच्या दांडीवर दोन्ही पारड्यांचा ओढा असतो, म्हणून तिथे पासंग चालतो.

मी मुलांना खडकवासल्याला नेऊन शिकवायचो. भिंत दगडी, एकोणिसाव्या शतकातली. पाण्याचा रेटा आडवा, भिंतीचं वजन सरळ खाली. आता हे दोन एकमेकांच्या उलट दिशेला नाहीतच! तरी भिंत उभी आहे कारण पाणी भिंतीला उलथवायला बघतं आणि वजन तिला परत बसवतं, पाणी सरकवायला बघतं आणि तळाचं घर्षण धरून ठेवतं. त्यामुळे विरोध म्हणजे नेहमी समोरासमोर उभं राहून ढकलणं नसतं हे मुलांना तिथे पायाखाली कळायचं. 'रेटा' हा शब्द मात्र आवर्जून घ्या, 'दाब' पेक्षा चांगला आहे.

यंत्रवत
भौतिकवाला सर, पारड्यांवरून लिफ्ट आठवली, माझं कामच ते आहे. लिफ्टच्या डक्टमध्ये मागे जो लोखंडी पाट्यांचा गठ्ठा वरखाली जातो त्याला आम्ही साइटवर नुसतं 'काउंटर' म्हणतो, मराठी शब्द कोणी वापरत नाही. पण ते किती ठेवायचं यात मजा आहे. लोकांना वाटतं भरलेल्या लिफ्टएवढं असेल. नाही, रिकामी केबिन अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. म्हणजे १० माणसांची लिफ्ट असेल तर ४-५ माणसं बसल्यावर दोन्ही बाजू बरोबर होतात आणि मोटरला सगळ्यात कमी काम. रिकाम्या केबिनपेक्षा काउंटर जड. म्हणून ब्रेक सरकला तर रिकामी केबिन खाली पडत नाही, वर जाते. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं, सगळे खालीच बघत असतात.

शिरूरकर
बैलगाडीतला शब्द राहिला. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला जोता आवळतो, त्याला गाडी 'उलाळ' झाली म्हणतात. पुढे जास्त झालं तर 'धुरजड', मग सगळं वजन बैलांच्या मानेवर. आमचे वडील उसाची गाडी भरताना अधूनमधून जू हाताने उचलून बघायचे, आणि उलाळ वाटली तर मला म्हणायचे 'पुढं बस रं'. मी सातआठ वर्षांचा, माझं वजन ते काय, पण त्या जागी तेवढंच लागायचं. कारखान्यापर्यंत धुरेवर बसून जायचो.

आणि मोकाट गुराच्या गळ्यात जो ओंडका अडकवतात ते लोढणं. ते विरोध करत नाही, नुसतं लोंबतं, पळायला लागलं की गुडघ्यावर आपटतं. चालताना त्रास नाही. हे पण बघा तुमच्या यादीत बसतं का.

सह्यवेडा
शह-काटशह वर कुणीच कसं लिहिलं नाही. बुद्धिबळात शह आल्यावर नुसतं राजाला बाजूला न करता उलट समोरच्याला शह बसेल अशी खेळी करायची, तो काटशह. इतिहासात याचं समुद्रातलं उदाहरण आहे. जंजिरा काही हाती लागत नव्हता तेव्हा महाराजांनी जवळच्याच कासा बेटावर पद्मदुर्ग उभा केला, हा सिद्दीला शह. मग १६७९ ला मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बांधायला घेतली, हा इंग्रजांना आणि सिद्दीला दोघांनाही शह. इंग्रजांची गलबतं आडवी आली तरी काम थांबलं नाही. आणि मग सिद्दीने काय केलं, १६८० मध्ये शेजारच्याच उंदेरीवर बसून तटबंदी केली. हा काटशह. दोन्ही बेटं समोरासमोर आहेत, थळच्या किनाऱ्यावरून एका नजरेत दिसतात, बोटीने मधून जाताना दोन्हीकडच्या तटबंद्या बघा म्हणजे हा शब्द अंगावर येतो. यात धड्यासारखं शून्यावर येणं नाही, यात दोघेही अडकून बसतात.

लाल_माती
आमच्या आजोळी विहिरीवर लाट होती. एका खांबावर आडवं लांब लाकूड, एका टोकाला दोरी आणि कोळंबं, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला. रिकामं भांडं खाली न्यायला जोर लागायचा आणि भरलेलं वर आपोआप यायचं, म्हणजे मेहनत उलटी केलेली. माणूस खाली ओढताना स्वतःचं वजन टाकतो ते सोपं, वर उचलणं अवघड, म्हणून अवघड काम दगडाला दिलं. यंत्रवत यांच्या काउंटरचा हा आजा म्हणा.

निंबोणी
सगळ्यांचे मनापासून आभार, मी काल रात्री दोन वाजेपर्यंत हे परत परत वाचत होते. आता माझा मुख्य पेच 'पॉवर' चा. गॅलब्रेथचं म्हणणं थोडक्यात असं, की बाजारात एका बाजूला कोणीतरी फार मोठं झालं की त्याला आवर घालायला त्याच्यासारखाच दुसरा विक्रेता येतोच असं नाही, तर बरेचदा समोरच्या बाजूने, म्हणजे त्याच्याकडून विकत घेणाऱ्यांमधून किंवा त्याच्याकडे काम करणाऱ्यांमधून एक ताकद उभी राहते. मोठ्या कारखानदारांसमोर मोठी दुकानांची साखळी, मालकांसमोर कामगार संघटना. तो विरोध समोरून येतो, शेजारून नाही. याला काटशह म्हणू का?

आडवाट
काटशह नको. काटशह ही एक खेळी आहे, ही कायमची स्थिती आहे. आणि उदाहरण अमेरिकेतलं कशाला, मार्केट यार्डात जा. एकटा हमाल व्यापाऱ्यापुढे काय बोलणार, दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल मिळतो. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि पुढे १९६९ ला माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे मजुरी, भविष्य निर्वाह निधी यावर बोलायला समोर कोणीतरी तोलाचं आलं. व्यापारी तिथेच आहे, हमाल तिथेच आहे, माल रोज उचलला जातोच. पण आता दर ठरवताना दोन बाजू असतात. मी लहानपणी वडिलांबरोबर गूळ बाजारात जायचो, आमचे वडील कारकून होते एका अडत्याकडे, ते सांगायचे की पंचायत आल्यावर अडत्याच्या बोलण्यातला 'अरे' जाऊन 'अहो' आला. मला वाटतं तुमचा शब्द तिथे आहे, 'तुल्यबळ'. क्रिकेटच्या बातमीमुळे मुलांना माहीत पण आहे.

निंबोणी
तुल्यबळ! हा समोर होता आणि दिसला नाही. 'तुल्यबळ शक्ती'. तुल्य मध्ये तराजू आहेच की, वजनकाटा खूश होतील.

वजनकाटा
खूश आहेच. पण एक सांगतो, तुल्यबळ म्हटलं की दोघे आधीपासून सारखे वाटतात. तुमच्या लेखात एक आधी मोठा झाला आणि त्याच्यामुळे दुसरा उभा राहिला असं आहे ना? ते 'उभी राहिलेली' कुठेतरी यायला हवं. शेरास सव्वाशेर पण नाही, कारण तिथे दुसरा वरचढ होतो.

रानजाई
वजनकाटांना अनुमोदन. शरीरात पण तसंच, आधी विष येतं मग त्याला धरणारं द्रव्य तयार होतं. आधीपासून नसतं.

निंबोणी
बरोबर आहे दोघांचं. मग आज सकाळी मंडईत जाऊन आले, सहज, जुना तराजू कोणाकडे दिसतो का बघायला. एका लिंबं-मिरच्यावाल्या आजींकडे होता. पारड्याखाली चिंधीत बांधलेली गाठ होती, विचारलं हे काय तर त्यांनी गाठ सोडून दाखवली, आत चिंचोके होते, तीन. म्हणाल्या एक साखळी तुटली होती ती बारीक तारेने जोडली, तेव्हापासून हे लागतात, आधी दोन होते मग तिसरा घातला. मी पाव किलो लिंबं घेतली आणि घरी येऊन हे लिहिलं, बघा जमतंय का:

"बाजारात एक बाजू खूप बलवान झाली, की तिच्याशी व्यवहार करणारी समोरची बाजू हळूहळू एकत्र येते आणि तिच्या तोलाची ताकद उभी करते. या उभ्या राहिलेल्या ताकदीला तुल्यबळ शक्ती म्हणतात. ती पहिलीला संपवत नाही, तिचा रेटा अडवते. मार्केट यार्डातल्या हमालांची संघटना हे तिचं पुण्यातलं उदाहरण."

आणि कराला 'समतोल शुल्क' ठेवलंय, खाली चौकटीत तेलाच्या डब्याचा धडा चित्रासकट, म्हणजे पुस्तकातल्या धड्याशी घोळ होणार नाही. भौतिकवाला सर, रेटा तुमचा. शेजारच्या मुलीने दोन्ही परिच्छेद न अडता वाचले आणि हमालांच्या ठिकाणी थांबून विचारलं की मग गिऱ्हाइकांची अशी ताकद का नाही उभी राहत. त्यावर गॅलब्रेथचं काय म्हणणं होतं ते उद्या परत मूळ लेखात बघते.

सुगरण_९
चौकटीतलं चित्र काढाल तेव्हा डबा कडीचा काढा, तेलाला आम्ही तोच न्यायचो.

वजनकाटा
आणि दुसऱ्या पारड्यात खिळे. छापून झालं की इथे टाका, आईला दाखवायचंय, धडा हा शब्द तिच्यासमोर काल काढला तर ती उठून माळ्यावरची जुनी वजनं शोधायला लागली.